बिबट्याचा इशारा केव्हा वाजावा : गोठ्यावरील कॅमेऱ्यांच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

यंदाचा गाळप हंगाम कालपासून सुरू झाला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत ज्यांचा गोठा उसाला लागून आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. फड तुटू लागले की उसात मुक्काम केलेली बिबट्याची मादी पिल्लांना घेऊन दुसरा आडोसा शोधते आणि तिच्या वाटा वस्त्यांच्या कडेने जाऊ लागतात. गेल्या श्रावणात आमच्या गोठ्यातून एक कालवड आणि दोन करडे गेली. त्या रात्रीही गोठ्यावर कॅमेरा होता आणि सकाळी रेकॉर्डर उघडल्यावर बिबट्या कोणत्या बाजूने आला, गव्हाणीपाशी किती वेळ थांबला, कोठून उडी मारून गेला, हे सगळे स्वच्छ दिसले. तेवढा सगळा वेळ घरात सहा माणसे झोपलेली होती आणि त्यांपैकी कोणालाही जाग आली नव्हती.

त्यानंतर प्रथम गोठा बंदिस्त करून घेतला. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी मारली. कॅमेरा हा जाळीला पर्याय नाही, हे या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण पुढे हे काम रंगत जाईल तसा त्याचा विसर पडण्याची भीती आहे. जनावरांचे रक्षण जाळी करील. इशारा हवा आहे तो अंधारात गोठ्याकडे जाणाऱ्या, पहाटे धारा काढणाऱ्या आणि रात्री उसाला पाणी भरणाऱ्या माणसांसाठी.

चित्रांचे विश्लेषण फ्रिगेट या मुक्तस्रोत प्रणालीने करायचे आणि कोणत्या वेळी काय वाजवायचे, याचे नियम होम असिस्टंट या घरातली उपकरणे चालवणाऱ्या प्रणालीत लिहायचे, असे ठरवले आहे. दोन्ही घरातल्याच छोट्या संगणकावर चालतात आणि इंटरनेट गेले तरी थांबत नाहीत. आमच्याकडे हा निकष बाकी सर्व निकषांच्या वर आहे.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदानासाठी गावी आलो होतो, तेव्हा उरलेला दिवस वायरिंगला दिला. चार कॅमेरे बसले: गोठ्याच्या दारावर, उसाकडच्या बांधावर, अंगणात आणि रस्त्यावरून वस्तीकडे येणाऱ्या वाटेवर. प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन चित्रप्रवाह (स्ट्रीम) घेतले आहेत. साठवणीसाठी मोठ्या चित्राचा आणि विश्लेषणासाठी लहान चित्राचा प्रवाह वापरला आहे, आणि विश्लेषणाला सेकंदाला पाच चित्रे पुरतात. फ्रिगेट प्रत्येक चित्र मॉडेलकडे, म्हणजे चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रॅमकडे, पाठवत नाही. आधी चित्रात कोठे हालचाल झाली ते पाहते आणि तेवढाच तुकडा ओळखण्यासाठी पुढे देते. त्यामुळे एन-१०० प्रोसेसरच्या साध्या संगणकावर चार कॅमेरे निभावतात.

साठवणीचा हिशेब आधीच केलेला बरा. मोठा प्रवाह सेकंदाला चार मेगाबिटचा धरला तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ गीगाबाइट होतात, म्हणजे चार कॅमेऱ्यांनी एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसांच्या आत भरेल. म्हणून अखंड चित्रण दोन दिवस आणि घटनांचे चित्रण तीस दिवस ठेवले आहे. विजेचा हिशेब असा की कॅमेरे, स्विच आणि संगणक मिळून पन्नास वॅटच्या आसपास घेतात. दहा तासांच्या रात्रीला पाचशे वॅट-तास लागले तरी घरातल्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ते बसतात.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

पहिल्या चार रात्रींत फोनवर १४३ सूचना आल्या. त्यांतली एकही बिबट्याची नव्हती. तिसऱ्या रात्री आईने फोन उशीखालून काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि ते योग्यच होते.

सूचना एकेक करून तपासल्या. निम्म्याहून अधिक सूचना आमच्या दोन कुत्र्यांच्या होत्या. उरलेल्यांत वाटेने जाणारी माणसे, दावणीला बसल्या जागी मान हलवणाऱ्या गाई आणि अंगणातल्या कॅमेऱ्यासमोर कोळ्याने विणलेले जाळे. कॅमेऱ्यातला अवरक्त दिवा किड्यांना बोलावतो, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगापासून चार बोटांवर हललेला धागा चित्रात हातभर जाडीचा दिसतो. यावर नियम लिहून उपयोग नाही. कॅमेऱ्यातला दिवा बंद करून वेगळा अवरक्त दिवा दोन हात बाजूला लावला, तेव्हा तो त्रास बराच कमी झाला.

मूळ अडचण मात्र ओळखण्याची आहे. आम्ही वापरत असलेले मॉडेल कोको या चित्रसंग्रहावर शिकलेले आहे. त्याला ८० प्रकारच्या वस्तू ओळखता येतात आणि त्यांत पक्षी, मांजर, कुत्रा, घोडा, मेंढी, गाय, हत्ती, अस्वल, झेब्रा आणि जिराफ हे दहा प्राणी आहेत. बिबट्या नाही. श्रावणातली ती चित्रफीत या मॉडेलला दाखवली तेव्हा त्याने तोच बिबट्या कधी मांजर, कधी कुत्रा आणि वळताना काही क्षण गाय म्हणून सांगितला. तेव्हा ‘बिबट्या दिसला तर वाजव’ असा नियम येथे लिहिताच येणार नाही. कोणते का असेना, चार पायांचे जनावर जेथे असू नये त्या जागी आणि जेव्हा असू नये त्या वेळी दिसले, तर वाजव, असाच नियम लिहावा लागेल. म्हणजे नावाचा भार कमी करून जागेवर आणि वेळेवर टाकायचा. पुढचे सगळे काम या एका निर्णयावर उभे राहील.

आणखी एक चूक सापडली आणि ती पूर्णपणे माझी होती. रात्री दहानंतर वाजायला हवेत ते नियम पहाटे साडेतीनला जागे होत होते. नियम चालवणाऱ्या कंटेनरला, म्हणजे होम असिस्टंट संगणकावरच्या ज्या वेगळ्या कप्प्यात चालते त्याला, भारतीय वेळ सांगायची राहून गेली होती, त्यामुळे ते जागतिक वेळेने, म्हणजे साडेपाच तास मागे चालले होते. यापुढे कोणतेही वेळापत्रक लिहिण्याआधी कॅमेरे, संगणक आणि दोन्ही प्रणाली यांची घड्याळे शेजारी शेजारी ठेवून पाहायची.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज यंत्राला हात न लावता वस्तीचा दिवस लिहून काढला. आई पावणेपाचला उठते. पाच ते सहा धारा होतात आणि साडेसहाला नाना दूध डेअरीवर नेतात. संध्याकाळची धार साडेपाचला सुरू होते. ती संपेपर्यंत सध्या अंधार पडलेला असतो, कारण नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आतच मावळतो. वहिनी त्यानंतर वैरण टाकायला जातात आणि मुले ओट्यावर खेळत असतात.

मी आधी रात्री दहा ते पहाटे पाच अशी वेळ ठरवली होती. पुण्यातल्या सोसायटीत ती चालली असती. येथे दहानंतर माणसे घरात आणि जनावरे जाळीत असतात. धोका असतो तो माणूस बाहेर आणि उजेड कमी, अशा वेळी. म्हणून दिवसाचे तीन भाग केले. दिवसा केवळ चित्रण. सूर्यास्ताच्या वीस मिनिटे आधीपासून रात्री नऊपर्यंत, आणि पहाटे साडेचारपासून सूर्योदयानंतर वीस मिनिटांपर्यंत सर्वांत कडक पहारा, ज्यात बांधावरच्या एकाही हालचालीकडे दुर्लक्ष करायचे नाही. मधल्या रात्री पहारा चालू राहील, परंतु गोठ्याच्या कडेला जनावर तीन सेकंदांहून जास्त थांबले तरच फोन वाजेल. परदेशातल्या लांबट संधिप्रकाशासाठी काही जण सूर्याचा क्षितिजाखालचा कोन मोजून नियम लिहितात. आमच्या अक्षांशावर अंधार चटकन पडतो, त्यामुळे सूर्यास्तात मिनिटे मिळवणे किंवा वजा करणे पुरते.

रात्रीचा नियम लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ‘सूर्यास्तानंतर’ ही अट मध्यरात्रीपर्यंतच खरी असते आणि ‘सूर्योदयापूर्वी’ ही मध्यरात्रीनंतरच खरी होते. दोन्हींच्या मध्ये ‘आणि’ घातले तर ती रात्र कधी उगवतच नाही. तेथे ‘किंवा’ हवे.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्रातली क्षेत्रेही आज आखली. फ्रिगेट जनावराभोवती चौकट काढते आणि त्या चौकटीच्या खालच्या कडेचा मधला बिंदू कोणत्या क्षेत्रात पडतो, यावरून जनावर कोठे आहे ते ठरवते. जमिनीवर चालणाऱ्याला हे बरोबर लागू पडते. पण बिबट्या कुंपणाच्या भिंतीवरून चालला तर तो बिंदू चित्रात भिंतीच्या माथ्यावर, म्हणजे मी आखलेल्या अंगणाच्या बाहेर पडतो. म्हणून गोठ्याच्या क्षेत्राची वरची रेघ भिंतीच्याही वर नेली.

८ डिसेंबर २०२४, रविवार

गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला लाईट गेली. इन्व्हर्टरवरची जोडणी सैल असल्याने संगणकही बंद पडला आणि सव्वासहाला पुन्हा सुरू झाला. मधल्या अर्ध्या तासात सूर्य मावळून गेला होता. ‘सूर्यास्त झाला की पहारा चालू कर’ असा नियम होता आणि सूर्यास्ताच्या क्षणी तो ऐकणारे कोणी नव्हते. पहारा त्या रात्री चालू झालाच नाही. शुक्रवारी सकाळी माझ्या लक्षात येईपर्यंत घरातले सगळे जण फोन शांत आहे म्हणजे बाहेर काही नाही, असे समजून वावरले होते. आई पहाटे एकटी गोठ्यात गेली होती. काही झाले नाही, तरीही हे लिहिताना हात थांबतो.

जोडणी घट्ट केली. खरी दुरुस्ती मात्र नियमाच्या रचनेत होती. वेळापत्रकाला मी दिव्याच्या बटणासारखे वापरत होतो. संध्याकाळी दाबायचे आणि सकाळी पुन्हा दाबायचे. दाबण्याचा क्षण हुकला की सारी रात्र हुकते. आता पहारा चालू-बंद करणारा नियमच काढून टाकला आहे. विश्लेषण चोवीस तास चालते, आणि जनावर दिसल्याच्या क्षणी सूर्य क्षितिजाखाली आहे का, किती वाजले आहेत, हे त्याच वेळी विचारले जाते. जनावर दिसणे हे निमित्त आणि वेळ ही अट. संगणक मध्ये कितीही वेळा बंद पडून उठला, तरी पुढच्या जनावराच्या वेळी उत्तर बरोबरच येते.

शिवाय रोज संध्याकाळी सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी चारही कॅमेरे चालू असल्याचा एक छोटा निरोप घरच्यांच्या गटावर जातो. तो आला नाही तर धारेला दोघांनी मिळून जायचे, असे ठरले आहे. शांतता म्हणजे सुरक्षितता, असे कोणी धरू नये, यासाठी हा निरोप आहे.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

या आठवड्यात थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची होती. आमच्या भागात शेतीची लाईट कधी दिवसा आठ तास आणि कधी रात्री दहा तास अशी आलटून पालटून मिळते, आणि पाळी रात्रीची असली की नानांना दारे धरायला रात्रीच उसात उतरावे लागते. या प्रकल्पात मी सर्वांत जास्त विचार कशाचा करायला हवा होता, तर याचा, आणि तो मी महिनाभर केला नव्हता. माझे सर्व नियम घराच्या बाजूने लिहिलेले होते. उसातून घराकडे कोणी आले तर घराला कळावे, अशी ती रचना होती. नाना स्वतः उसाच्या कडेला असतील तेव्हा तो इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा, आणि त्यांचा फोन साधा, बटणांचा आहे.

नानांनी सांगितले, “मी गेलो की तू कॅमेरा बंद करत जा, नाहीतर माझ्याच बॅटरीच्या उजेडाने वाजत राहील.” पहिल्या रात्री तसेच होत होते, हे खरे. परंतु तोच कॅमेरा त्या वेळी सर्वांत जास्त कामाचा आहे. म्हणून ‘माणूस मळ्यात’ अशी एक अवस्था तयार केली. मोटारीच्या स्टार्टरपाशी विद्युतप्रवाह मोजणारा छोटा संवेदक लावला आहे. सूर्य क्षितिजाखाली असताना मोटार सुरू झाली की ही अवस्था आपोआप लागते. ती काढण्यासाठी मात्र घराच्या दाराशी, काठी आणि बॅटरी ठेवण्याच्या खुंटीजवळ एक बटण आहे, जे परत आल्यावर नानांनी दाबायचे. लागणे आपोआप आणि निघणे हाताने, हे मुद्दाम तसे ठेवले आहे. विसर पडलाच तर अवस्था लागून राहते, आणि मोटार बंद होऊन पाऊण तास झाला तरी बटण दाबले गेले नाही, तर घरातल्या दोन फोनवर विचारणा येते.

या अवस्थेत बांधावर माणूस दिसला तर काहीही वाजत नाही. चार पायांचे जनावर दिसले तर बांधावरचा मोठा दिवा सेकंदासेकंदाला उघडझाप करू लागतो, जो उसाच्या कोणत्याही सरीतून दिसतो, आणि संगणकाला जोडलेल्या सिमकार्डाच्या मोडेमवरून नानांना फोन जातो. उचलायची गरज नाही. तो नंबर वाजला की बसलेले असतील तर उभे राहायचे, बॅटरी चहूकडे फिरवायची आणि मोकळ्या बाजूने मोटारीच्या खोलीकडे यायचे. उसात वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसाला धोका जास्त असतो, आणि एकट्याने जाऊ नये, हातात काठी आणि उजेड असावा, मोबाईलवर गाणी लावावीत, हे वन विभागाचे सांगणे येथे सर्वांना पाठ आहे. तरीही पाणी सोडून कोणी घरी बसत नाही. दोन वेळा तालीम केली. बांधावर कुत्र्याला नेऊन सोडले. नानांचा फोन दोन्ही वेळा पंधरा सेकंदांच्या आत वाजला.

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

बुधवारी रात्री आठ वाजून बावन्न मिनिटांनी बिबट्या आला. पूर्ण वाढलेला, एकटाच होता. बांधावर त्याला मॉडेलने ‘कुत्रा’ म्हटले, फोन वाजला, वहिनींनी मुलांना आत घेतले. तेथपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे झाले. त्यानंतर दोन मिनिटांनी तो अंगणाच्या कडेने गोठ्याच्या मागे गेला आणि या वेळी काहीही वाजले नाही.

कारण शोधायला दोन तास लागले. एकाच जनावरासाठी पुन्हा पुन्हा फोन वाजू नये, म्हणून नियमाच्या शेवटी पाच मिनिटांची विश्रांती घातली होती. होम असिस्टंटमध्ये नियमाची मूळ रीत ‘एका वेळी एकच’ अशी असते. पहिली फेरी विश्रांतीसह पूर्ण होईपर्यंत दुसरे कोणतेही निमित्त आले तरी ते सोडून दिले जाते. चारही कॅमेऱ्यांचा नियम एकच होता, म्हणून बांधावरच्या इशाऱ्याने पाच मिनिटे सगळ्या वस्तीला मुके केले. आता प्रत्येक क्षेत्राचा नियम वेगळा आहे आणि विश्रांतीच्या जागी ‘याच क्षेत्राचा मागचा इशारा पाच मिनिटांपूर्वीचा असावा’ अशी अट आहे. बांधावरून गोठ्याकडे, अशा क्रमाने दोन क्षेत्रांत जनावर दिसले तर कोणतीही अट न पाहता दुसरा इशारा अधिक मोठ्याने वाजतो. घराच्या दिशेने येणारे जनावर ही नवी बातमी असते.

फ्रिगेट प्रत्येक जनावरासाठी एमक्यूटीटीवर (दोन प्रणालींनी एकमेकींना निरोप पाठवण्याच्या पद्धतीने) तीन प्रकारचे निरोप पाठवते: नवे दिसले, त्यात बदल झाला आणि ते संपले. मी ‘नवे दिसले’ हा निरोप पकडत होतो. त्या क्षणी जनावर बहुधा कोणत्याच क्षेत्रात शिरलेले नसते. ‘संपले’ची वाट पाहावी तर जनावर निघून गेल्यावर फोन वाजतो. आता ‘बदल झाला’ या निरोपात क्षेत्रांची यादी पाहून, त्यात नवे नाव आले असेल तरच नियम चालतो.

मॉडेलच्या खात्रीचा आकडाही बदलला. फ्रिगेट एकाच चित्रावर विसंबत नाही. त्या वस्तूला आतापर्यंत मिळालेल्या गुणांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढते आणि तो मुळात ०.७ च्या वर गेला तरच ती खरी धरते. आमच्या बिबट्याचे गुण ०.४८ ते ०.७१ च्या दरम्यान फिरत होते, कारण मॉडेल स्वतःच त्याला काय म्हणावे या संभ्रमात होते. बांधावरच्या कॅमेऱ्यासाठी कुत्रा, मांजर आणि गाय यांची मर्यादा ०.५५ केली. त्यामुळे चुकीच्या नोंदी वाढतील, पण फ्रिगेटने पकडायचे आणि वेळेच्या अटींनी गाळायचे, अशी वाटणी मला अधिक योग्य वाटते.

१२ जानेवारी २०२५, रविवार

भोंगा लावावा की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. माझे मत विरोधात होते आणि अजून आहे. बिबट्या कोणत्या बाजूला आहे हे माहीत नसताना मोठा आवाज केला, तर तो दचकून कोणत्या बाजूने पळेल, हेही माहीत नसते, आणि आवाजाने शेजारची माणसे बाहेर येऊन गर्दी झाली तर धोका वाढतो. ठरले ते असे की आधी दिवे लागतील. भोंगा केवळ मधल्या रात्री आणि ‘माणूस मळ्यात’ ही अवस्था नसतानाच वाजेल, तोही जनावर गोठ्याच्या जाळीला भिडले तरच, आणि फक्त दहा सेकंद. फोनवरच्या सूचनेत चित्राबरोबर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक दाबता येईल असा दिला आहे.

फोन मूक असतानाही हीच एक सूचना वाजावी, अशी परवानगी घरातल्या प्रत्येक फोनवर हाताने दिली. आईचा फोन आता पुन्हा उशीखाली असतो.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आमचा फड तोडायला ऊसतोड मजुरांची टोळी आली आहे. बांधाच्या पलीकडे, आमच्याच पडीक तुकड्यावर त्यांच्या अकरा कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्या. पाचटाच्या भिंती, उघडी दारे, आत झोपलेली लहान मुले, आणि चारला उठून अंधारात फडाकडे जाणाऱ्या बाया. ज्यांच्यासाठी इशारा सर्वांत गरजेचा आहे, त्यांचा फोन आमच्या यादीत नव्हता. मुकादमाचा आणि त्यांच्यातल्या दोन बायांचा क्रमांक घेतला, आणि बांधाच्या क्षेत्राचा इशारा त्यांना मोडेमवरून फोनने जाईल, असे केले. त्यांचा दिवस आमच्याहून लवकर सुरू होतो, म्हणून पहाटेचा कडक पहारा साडेचारऐवजी साडेतीनपासून ठेवला आहे.

त्याच वेळी दुसरी गोष्ट पुढे आली. बांधाच्या कॅमेऱ्यात कोप्यांची मागची बाजू, म्हणजे बायांची न्हाणीची जागा दिसत होती. त्यांच्यातल्या एका मावशींनी वहिनींना स्पष्ट विचारले की तो डोळा रात्रंदिवस आमच्याकडे लावून ठेवला आहे का. त्यांना फडताळावरच्या पडद्यावर जे दिसते ते दाखवले. हालचाल न मोजण्यासाठी घातलेला मुखवटा येथे चालत नाही, कारण त्याने विश्लेषण थांबले तरी चित्र साठतच राहते. म्हणून कॅमेऱ्याच्याच मांडणीत जाऊन तो भाग काळा केला, म्हणजे ते चित्र कॅमेऱ्याबाहेर पडतच नाही. कॅमेरा थोडा खालीही वळवला. मग मावशींना पुन्हा बोलावून काळा चौकोन दाखवला, आणि त्यांनी सांगितल्यावर तो उजवीकडे आणखी वाढवला. तेवढ्या कोपऱ्यातून बिबट्या आला तर तो आम्हाला उशिरा दिसेल. त्या बाजूला अवरक्त संवेदकाचा साधा दिवा बसवला आहे, जो कोणीही आले की लागतो आणि ज्याला डोळा नाही.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

फड तुटून गेला. कॅमेऱ्यासमोर भिंतीसारखा उभा असलेला ऊस नाहीसा झाल्याने सगळे चित्रच बदलले. दोनशे फुटांवरचे कुत्रे आणि शेजारच्या मळ्यातल्या मेंढ्या आता बांधाच्या क्षेत्रात मोजल्या जात आहेत. क्षेत्र नव्याने आखले, लहान आकाराची जनावरे गाळण्यासाठी चौकटीच्या किमान क्षेत्रफळाची अट घातली. टोळीचे क्रमांक यादीतून आणि यंत्रातून काढून टाकले, पहाटेचा कडक पहारा पुन्हा साडेचारवर आणला, काळा चौकोन मात्र पुढच्या हंगामासाठी जपून ठेवला आहे.

२३ मार्च २०२५, रविवार

गूगलने या महिन्यात स्पीशीजनेट हे मॉडेल मुक्तस्रोत केले. ते रानातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या चित्रांवर शिकलेले असल्याने रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची त्याला सवय आहे आणि बिबट्या त्याच्या यादीत आहे. डिसेंबरपासून साठवलेली सतरा चित्रे त्याला दाखवली. चौदांत त्याने बिबट्या म्हटले, दोनांत नुसतेच मार्जारकुळातले जनावर, एकात रिकामे चित्र.

तरीही पहिला इशारा त्याच्या हाती दिलेला नाही. आमच्या संगणकावर एका चित्राला त्याला काही सेकंद लागतात आणि त्या रिकाम्या चित्रात बिबट्या खरोखर होता. म्हणून फोन आधीच्याच नियमाने वाजतो, आणि त्या जनावराचे सर्वांत स्पष्ट एक चित्र स्पीशीजनेटकडे जाऊन त्याचे मत दुसऱ्या निरोपात येते. त्याने ‘कुत्रा’ म्हटले म्हणून पहिला इशारा मागे घेतला जात नाही; ‘बिबट्या’ म्हटले तर मात्र शेजारच्या तीन वस्त्यांनाही फोन जातो. शेजाऱ्यांना आमच्या कुत्र्यांसाठी उठवायचे नाही, एवढाच त्याचा अधिकार आहे.

१ जून २०२५, रविवार

पाऊस यंदा फार लवकर आला. २६ मे रोजीच तो मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले. त्याआधीच्या वळवाने तीन रात्री कॅमेऱ्यांची परीक्षा घेतली. अवरक्त उजेडात प्रत्येक थेंब पांढऱ्या रेघेसारखा उतरतो आणि हालचालीचा निर्देशक सतत वर राहतो, पण थेंबाला मॉडेल जनावर म्हणत नाही, त्यामुळे फोन शांत राहिले. वीज चमकली की सगळे चित्र एकदम बदलते; अशा वेळी फ्रिगेट हालचालीची तुलना नव्याने सुरू करते आणि त्या क्षणभरात काही सुटू शकते. ते मान्य करून चालायचे.

सूर्यास्त नोव्हेंबरच्या तुलनेत सुमारे सत्तर मिनिटे पुढे गेला आहे आणि सूर्याला बांधलेले नियम हात न लावता त्याच्याबरोबर सरकले. साडेचार आणि नऊ हे घड्याळाचे दोन आकडे तसेच राहिले आहेत, कारण धारेची वेळ ऋतूप्रमाणे बदलत नाही. परंतु संध्याकाळचा कडक पहारा आता दोन तासांवर आला आहे, आणि पावसात मुले ओट्यावर नऊनंतरही असतात. तो आकडा साडेनऊ करावा, असे वहिनींनी सुचवले, आजच केला.

बिबट्या मे महिन्यात दोनदा वाटेच्या कॅमेऱ्यात दिसला, दोन्ही वेळा न थांबता पुढे गेला. नव्या लागणीचा ऊस आता कमरेपर्यंत आला आहे. पाऊस उघडला तर पुढच्या आठवड्यात नानांना पुन्हा रात्री पाणी भरावे लागेल, त्यामुळे स्टार्टरजवळचा संवेदक ओल धरून बिघडला नाही ना, हे मंगळवारच्या आत मोटार चालवून पाहायचे आहे. खुंटीजवळच्या बटणाची बॅटरी आज बदलली.